‘यांच्या हस्ते’ : लघुप्रकाशकाची वार्ता आणि पुस्तकाचे मौन

मराठी साहित्यव्यवहारात ‘प्रकाशन’ हा शब्द दोन परस्परभिन्न क्रियांसाठी वापरला जातो. हस्तलिखित निवडणे, ते संपादित करणे, छापून घेणे, विक्रेत्यापर्यंत आणि ग्रंथालयापर्यंत पोचवणे, मागणी टिकली तर पुन्हा छापणे ही दीर्घकाळ चालणारी आणि पुष्कळशी अदृश्य अशी क्रिया म्हणजे प्रकाशन. आणि एखाद्या शनिवारी सायंकाळी रंगीत कागदात गुंडाळलेल्या चार-पाच प्रतींची फीत व्यासपीठावर सोडून त्या प्रती छायाचित्रकाराच्या दिशेने छातीशी धरणे, हीही क्रिया प्रकाशनच. हिंदीने दुसऱ्या क्रियेसाठी ‘विमोचन’ आणि ‘लोकार्पण’ असे वेगळे शब्द राखले. मराठीने एकाच शब्दावर भागवले. ही काटकसर वाटते तितकी निरुपद्रवी नाही. पहिल्या अर्थाने प्रकाशन करणारा तो प्रकाशक. दुसऱ्या अर्थाने प्रकाशन होते ते प्रमुख पाहुण्यांच्या ‘हस्ते’, आणि त्या क्षणी प्रकाशक बहुधा सभागृहाबाहेरच्या टेबलावर सुट्या पैशांची व्यवस्था पाहत असतो. ज्याच्या नावापुढे ‘प्रकाशन’ हा शब्द कायमचा छापलेला असतो, त्याच्याकडून ती क्रिया दीड तासापुरती काढून घेतली जाते, आणि पुढे पुस्तकाच्या इतिहासात नोंद राहते ती त्या दीड तासाचीच.

ठाणे-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात या दोन अर्थांतील संबंध तपासण्याजोगी सामग्री विपुल आहे. ठाण्यातील अनघा प्रकाशन, परममित्र पब्लिकेशन्स, उद्वेली बुक्स, व्यास क्रिएशन्स ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याशिवाय, राहत्या घरातून किंवा एखाद्या गाळ्यातून चालणारी, वर्षाकाठी मोजकी पुस्तके काढणारी अशी अनेक प्रकाशने या तिन्ही शहरांत आहेत. प्रस्तुत विवेचन यांतील कोणा एकाविषयी नाही. लघुप्रकाशक ज्या एका गद्यप्रकारात सातत्याने व्यक्त होतो, आणि ज्याकडे समीक्षेने गद्यप्रकार म्हणून कधी पाहिलेले नाही, त्या प्रकाशनवार्तेचा येथे विचार करावयाचा आहे. दैनिकाकडे पाठवलेले टिपण, सूचीपत्राच्या अखेरीस छापलेला वृत्तान्त, ग्राहकांना धाडलेले पत्रक, अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणारा मजकूर ही तिची रूपे होत. माध्यमे बदलली, वार्तेची घडण मात्र बदललेली नाही.

ही घडण विलक्षण स्थिर आहे. आरंभी पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ‘यांच्या हस्ते’. त्यानंतर ‘यांच्या अध्यक्षतेखाली’. मग ‘प्रमुख उपस्थिती’. त्यापाठोपाठ लेखकाचे ‘मनोगत’. सूत्रसंचालन आणि आभार. अखेरीस ‘रसिक मोठ्या संख्येने उपस्थित होते’. क्रियापदे पाहावीत : ‘संपन्न झाला’, ‘लाभली’, ‘व्यक्त करण्यात आल्या’. कर्ता जवळजवळ कोठेच नाही. ‘हस्ते’ हे संस्कृतातून आलेले रूप तर कर्त्याला केवळ हातापुरते उरवते. विशेषनामांची गर्दी आणि कर्त्याचा अभाव हे या गद्याचे प्रधान लक्षण म्हणावे लागेल. व्याख्यात्याचे भाषण अर्ध्या तासाचे असो वा पाऊण तासाचे, वार्तेत त्याचे एकच वाक्य उरते आणि त्या वाक्यात एखादे विशेषण असते : ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘प्रेरणादायी’, ‘समाजाला दिशा देणारे’. संरचनावादी अभ्यासक ज्या विनिमय-चाचणीचा अवलंब करतात ती येथे लावून पाहावी. एका कवितासंग्रहाच्या वार्तेतील विशेषण मधुमेहींच्या आहारविषयक पुस्तकाच्या वार्तेत नेऊन ठेवले तर दोन्हींपैकी कोणतीही वार्ता बिघडत नाही. ज्या चिन्हाच्या बदलाने अर्थात बदल होत नाही ते चिन्ह अर्थवाहक नसते, एवढेच यावरून निष्पन्न होते.

वार्तेत काय नसते, हेही पाहण्यासारखे आहे. पृष्ठसंख्या नसते, किंमत नसते, मुखपृष्ठकाराचे नाव क्वचित असते, मुद्रितशोधकाचे तर कधीच नसते. पुस्तकातील एकही ओळ नसते. या संदर्भात मराठी नियतकालिकांतील ‘साभार पोच’ या उपेक्षित सदराची आठवण होते. अंकाच्या शेवटी बारीक टाइपात येणारी ती यादी पुस्तकाविषयी चकार शब्द बोलत नाही. परंतु लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य एवढे ती निमूटपणे सांगते. एका ओळीची पोच दोन स्तंभी वार्तेपेक्षा पुस्तकाची अधिक दखल घेते, ही गोष्ट विनोदी वाटली तरी खरी आहे. पोचेत पुस्तक ही एक वस्तू म्हणून तरी उपस्थित असते. वार्तेत ते समारंभाचे निमित्त असते.

आणखी एक गोष्ट स्थानाची. मुंबईच्या दैनिकांनी ठाण्यासाठी स्वतंत्र पुरवण्या काढल्या, तेव्हा येथील साहित्यिक कार्यक्रमांना हक्काची जागा मिळाली, असे मानले गेले. ते खरेही होते. परंतु या सोयीची किंमत अशी की ठाण्यात किंवा डोंबिवलीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाची वार्ता स्थानिक पानावर, पाणीकपात आणि रस्तारुंदीकरण यांच्या शेजारी गेली, आणि साहित्याच्या पानावर त्या पुस्तकाचे परीक्षण येण्याची गरज जणू संपली. पुस्तक कशाविषयीचे आहे यापेक्षा ते कोठले आहे, हे वर्गीकरणाचे तत्त्व ठरले. पुण्यात किंवा दादरला प्रकाशित झालेले पुस्तक ‘मराठी’ असते. डोंबिवलीत झालेले ‘डोंबिवलीकरांचे’ असते.

या शहरांची वाङ्मयीन परंपरा पाहता हे वर्गीकरण अधिकच विसंगत वाटते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले. ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र १८६६ मध्ये निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. त्या संग्रहालयाच्या संस्थापकांत अग्रणी असलेले विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) हे मिठाच्या व्यवसायातले गृहस्थ. १९०३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढून जुनी मराठी काव्ये हस्तलिखितांतून छापावयास घेतली. आजच्या परिभाषेत ज्याला स्वतंत्र लघुप्रकाशक म्हणता येईल असा तो मनुष्य होता : स्वतःचा पैसा, स्वतःची निवड, मर्यादित वाचक.

भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’चा जीवनक्रम येथे उद्बोधक ठरतो. तो प्रथम ‘ग्रंथमाला’ मासिकातून निबंधरूपाने आला. पुढे नवी हस्तलिखिते हाती येत गेली, मते बदलली, मजकूर वाढला आणि १९१९ मध्ये त्याची बरीच विस्तारलेली आवृत्ती निघाली. लेखकाच्या निधनानंतर शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. ती पुरवणी म्हणजे भाव्यांच्या अनेक विधानांची दुरुस्ती आहे, पूर्ती आहे आणि काही ठिकाणी सरळ खंडनही आहे. एखाद्या ग्रंथाला याहून मोठा मान कोणता द्यावा? येथे प्रकाशन ही एका सायंकाळची घटना नाही. ग्रंथ छापला जातो, वाचला जातो, त्याच्याशी वाद होतो, वादासह तो पुन्हा छापला जातो. शाल-श्रीफळाऐवजी त्याला पुरवणी मिळते. आज त्याच संग्रहालयाच्या वा. अ. रेगे सभागृहात पुस्तकांचे प्रकाशनसमारंभ होतात, तेव्हा त्या वास्तूच्या संस्थापकाच्या ग्रंथाला मिळालेल्या वागणुकीची आणि व्यासपीठावरील पुस्तकाला मिळणाऱ्या वागणुकीची तुलना अपरिहार्यपणे मनात येते. भाव्यांच्या ग्रंथाचा विषय संशोधनाचा होता, कवितासंग्रहाला पुरवणी कशी जोडणार, असा आक्षेप संभवतो. तो मान्य करूनही प्रश्न उरतोच : कवितासंग्रहाच्या बाबतीत पुरवणीचे काम करणारी गोष्ट कोणती? परीक्षण, हे त्याचे उत्तर होते. ते परीक्षण आता कोठे आहे?

प्रकाशकाच्या घरचे नियतकालिक म्हणजे स्वस्तुतीचे साधन, असेही सरसकट म्हणता येत नाही. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये सुरू केलेले ‘ललित’ हे ग्रंथविक्रेत्या-प्रकाशकाचे मासिक; नव्या पुस्तकांच्या वार्ता देणे हे त्याच्या उद्दिष्टांतच होते. पण त्याच मासिकात ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरातून जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांची, त्यांच्या मानापमानांची, सभा-समारंभांची यथेच्छ खिल्ली उडवत होते. वसंत सरवट्यांनी काढलेला, भला थोरला हातोडा घेतलेला ठणठणपाळ हा त्या मासिकाचा जणू दुसरा संपादकच होता. वार्ता आणि तिचा उपहास एकाच अंकात नांदत, आणि त्यामुळे वार्तेलाही विश्वसनीयता येई. त्याच संस्थेच्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ या उपक्रमाचे नावही सूचक आहे : समारंभात प्रश्न विचारता येत नाहीत, गप्पांत विचारता येतात. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभ्या केलेल्या ‘ग्रंथाली’ने तर क्रमच उलटा केला. सभासद आधी आणि पुस्तक नंतर. त्यामुळे पुस्तक छापले जाई तेव्हा त्याचा वाचक अज्ञात नसे. ‘बलुतं’ (१९७८) सारखे पुस्तक ज्या तऱ्हेने वाचकांत आणि वादांत शिरले त्याचे श्रेय अर्थात दया पवारांच्या लेखणीचे. तथापि वाचक आधीच संघटित असण्याचा त्यात वाटा नव्हता, असे कोण म्हणेल? आणि दुसऱ्या टोकाला अशोक शहाणे यांचे ‘प्रास’. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) या संग्रहाची कीर्ती कोणत्याही वार्तेवर उभी नाही. निवड आणि निर्मिती यांविषयीच्या हट्टावर ती उभी आहे.

फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी, ‘उंबरठे’ असा अर्थ असलेल्या शीर्षकाच्या १९८७ मधील ग्रंथात, संहितेच्या भोवती असणाऱ्या मजकुराचे दोन भाग कल्पिले : पुस्तकाच्या आत असणारा (शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ) आणि पुस्तकाबाहेर असणारा (मुलाखती, जाहिराती, पत्रव्यवहार). या दोहोंचे काम वाचकाला उंबरठ्यावरून आत नेणे. जनेत यांची मांडणी गृहीत धरते की उंबरठ्याच्या पलीकडे घर आहे आणि कोणीतरी आत जाणार आहे. आपल्या वार्तेच्या बाबतीत हे गृहीतक डळमळते. ती उंबरठ्यावरच संपते. उपस्थितांपैकी बहुतेकांनी प्रत घेतलेली असते, तीवर लेखकाची स्वाक्षरीही असते, आणि प्रत घेणे हा आहेराचा एक प्रकार होऊन बसतो. आहेराच्या पाकिटातील नोट कोणी वाचत नाही.

पिएर बोर्द्यू यांचे प्रतिपादनही येथे जसेच्या तसे लावता येत नाही, आणि न लागण्याचे कारणच महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते छोटा, धाडसी प्रकाशक दीर्घ मुदतीचा खेळ खेळतो. आलँ रोब-ग्रिये यांची १९५७ मधली ‘ला जालुझी’ पहिल्या वर्षी काही शे प्रतींपलीकडे खपली नाही, परंतु पुढे वर्षानुवर्षे तिचा आलेख चढत गेला. मोठ्या व्यापारी पुस्तकाचा आलेख झपाट्याने चढतो आणि तितक्याच झपाट्याने कोसळतो. ठाणे-डोंबिवलीतील लघुप्रकाशित पुस्तकाची गत अशी की त्याची प्रसिद्धी छोट्या प्रकाशकाची आणि आलेख व्यापारी पुस्तकाचा : एका सायंकाळी चढलेला आणि रात्री सभागृहाची किल्ली परत करताना संपलेला. लघुप्रकाशकाचे बळ असते ते वाट पाहण्यात. ज्या निर्मितीचा खर्च अंशतः वा पूर्णतः लेखकानेच उचललेला असतो आणि समारंभातच जिचा हिशेब पुरा होतो, तिच्याकरिता वाट पाहण्याचे कारण प्रकाशकाला उरत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी हा पूर्वीचा आधार होता. महाराष्ट्राचा ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानंतर गावोगावच्या अनुदानित ग्रंथालयांमुळे मराठी पुस्तकांना किमान मागणी लाभली. परंतु त्या खरेदीवर विसंबण्याची सवय लागल्याने प्रकाशक वाचकापासून एक पाऊल दूर गेला, हेही नोंदवले पाहिजे.

या व्यवहारात मराठीचा प्राध्यापक कोठे उभा आहे? तो व्यासपीठावर, अध्यक्षांच्या उजवीकडे. ‘पुस्तकावर भाष्य’ करण्यासाठी त्याला बोलावलेले असते आणि बहुतेक वेळा त्याने पुस्तक वाचलेलेही असते. अनेकदा भाषणात चांगली निरीक्षणे असतात : अमुक कवितेतील प्रतिमा दुसऱ्यांदा येते तेव्हा फिकी पडते, तमुक कथेचा शेवट दोन परिच्छेद आधी व्हावयास हवा होता. परंतु ही वाक्ये सुरुवातीला ‘शुभेच्छा’ आणि अखेरीस ‘अपेक्षा’ यांच्या मध्ये कापसात ठेवल्यासारखी येतात, आणि वार्ता लिहिणारा नेमका कापूस तेवढा ठेवून देतो. प्राध्यापकही तक्रार करत नाही. ते भाषण लिहून काढून नियतकालिकाकडे पाठवावे, असे त्याला वाटत नाही. कारण लिहिताना कापूस काढावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या लेखनाला गुण देण्याची पद्धत रूढ केल्यानंतर या संबंधाला आणखी एक पदर जोडला गेला. क्रमांकित पुस्तकाची निकड असलेला अध्यापक स्वतःच लघुप्रकाशकाचा ग्राहक झाला. ज्याने परीक्षण करावयाचे तोच रांगेत उभा असेल तर परीक्षणाची धार कोणाकडून अपेक्षावी?

ठाण्यात अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली ती १९६०, १९८८ आणि २०१० साली. डोंबिवलीत २०१७ साली. रा. श्री. जोग, वसंत कानेटकर, उत्तम कांबळे आणि अक्षयकुमार काळे या चार अध्यक्षांपैकी पहिले आणि शेवटचे समीक्षक होते. समीक्षकाला मान देण्यात ही शहरे मागे नाहीत. मान देऊन झाल्यावर त्याच्याकडून काम करून घेण्यात ती मागे आहेत.

एवढे म्हटल्यावर या समारंभांची टवाळी करून मोकळे होणे सोपे आहे, आणि मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळांतून ती होतेही. ती टवाळी अन्यायकारक आहे. सकाळची गाडी गाठून रात्री परतणाऱ्या माणसांची ही शहरे. तीस-पस्तीस वर्षे नोकरी आणि प्रवास यांत घालवल्यानंतर कोणी कविता छापतो, मुलांची शिक्षणे उरकल्यावर कोणी आपल्या आईची हकिकत लिहून काढते. त्या लेखिकेने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काही केलेले असते आणि समोरच्या खुर्च्यांवर शेजारी, नातेवाईक, गाडीतल्या मैत्रिणी बसलेल्या असतात. रविवार असेल तर मेगाब्लॉकमधून वाट काढत आलेल्या. त्या सायंकाळचे मोल कोणत्याही वाङ्मयीन निकषावर मोजण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु म्हणूनच तिच्या पुस्तकाला केवळ ‘वाचनीय’ हे विशेषण देऊन घरी पाठवणे ही तिची वंचना ठरते. प्रस्थापित लेखकाला स्तुती पुरते, त्याला परीक्षणे अन्यत्र मिळतातच. पहिले पुस्तक लिहिणाऱ्याला दुसरे लिहिण्यासाठी जे हवे असते, म्हणजे कोणीतरी आपले वाक्य वाक्य म्हणून वाचले याचा पुरावा, तो या व्यवस्थेत त्याला कोणीच देत नाही. तिचे पुस्तक वाईट होते की अपूर्व होते, हे तिला कधीच कळत नाही. साठाव्या वर्षी लिहू लागलेल्या व्यक्तीकडे हे कळण्यासाठी फार वर्षेही नसतात.

वाचक नाहीत, ही सबब मात्र येथे चालणार नाही. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलेल्या पुस्तकांच्या आदान-प्रदानाच्या उपक्रमात लोक आपले वाचून झालेले पुस्तक घेऊन येतात आणि दुसऱ्याने आणलेले घेऊन जातात. त्या देवघेवीत कोणाचेही ‘हस्ते’ नसते. दोन्ही हात वाचकांचेच असतात. शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे ज्या गावात राहिले त्या गावाला कथा वाचण्याची सवय नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. वाचक आणि समारंभ एकाच गावात, एकाच रस्त्यावर आहेत. त्यांची गाठ पडत नाही, कारण वार्तेत वाचकाला थांबवील असे एकही वाक्य नसते.

लेखकाच्या उपस्थितीत होणाऱ्या कार्यक्रमांत अभिवाचन हा एक प्रकार असा आहे की जेथे पुस्तकाची भाषा सभागृहात प्रत्यक्ष उमटते. प्रकट मुलाखतीत लेखकाचे आयुष्य पुढे येते, सत्कारात त्याचे वय, आणि प्रकाशनात पाहुणा. अभिवाचनात मात्र वाक्याची लांबी ऐकू येते, संवाद कृत्रिम असेल तर लपत नाही, चांगला असेल तर मागच्या रांगेतले कुजबुजणे थांबते. कसलेल्या समीक्षकालाही शांत वाचनात निसटलेली गोष्ट कधी कधी तेथे सापडते. नेमका हाच भाग वार्तेत ‘काही निवडक उताऱ्यांचे अभिवाचन करण्यात आले’ एवढ्यावर उरकला जातो. कोणते उतारे? कोणी निवडले? त्यांतील कोणत्या ओळीला सभागृह हसले, कोणत्या ओळीनंतर गप्प झाले? वार्ता लिहिणारा प्रकाशक त्या वेळी आतच, दाराजवळ उभा असतो. हस्तलिखित त्याने वाचलेले असते, मुद्रिते तपासलेली असतात. त्या सभागृहात लेखकाखालोखाल पुस्तक ठाऊक असलेला मनुष्य तोच. त्याने दोन ओळी उतरवून घेतल्या आणि पाहुण्यांच्या भाषणातला एक आक्षेप, आक्षेप म्हणून, वार्तेत राहू दिला, तर पृष्ठे वाढत नाहीत आणि खर्चही वाढत नाही. पाहुणे दुखावतील, ही भीती निराधार आहे. आपले बोलणे कोणी ऐकले होते, हे पाहून त्यांना आश्चर्यच वाटेल. लेखक दुखावेल, ही भीती मात्र खरी आहे, आणि त्याचा खर्च लेखकाने दिलेला असेल तर अधिकच खरी. प्रकाशक कोणत्या अर्थाने प्रकाशक आहे, ते तेथे ठरते.